विश्लेषण : टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्ससाठी एकच रिमोट कसा वापराल? जुना रिमोट चालू असतानाच ही तजवीज का करावी?

टीव्ही ठणठणीत असतो, सेट-टॉप बॉक्सचा दिवा लागलेला असतो, केबलचे पैसेही भरलेले असतात. तरीही पडद्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरे इकडून तिकडे फिरत राहतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमधल्या घरांत, विशेषतः जिथे दोघे ज्येष्ठच राहतात, तिथे ही तक्रार नेहमीची. वीज जाऊन आल्यावर किंवा नातवंडाचा हात लागल्यावर टीव्हीचा 'सोर्स' बदललेला असतो आणि तो पूर्ववत करणारा टीव्हीचा मूळ रिमोट कधीचाच बंद पडलेला असतो. मग केबलवाल्याला फोन, मेकॅनिकचा व्हिजिट चार्ज, तोवर संध्याकाळच्या मालिका आणि बातम्या बुडालेल्या. यावर शे-दोनशे रुपयांचा युनिव्हर्सल रिमोट हा उपाय आहे. कित्येक घरांत तर वेगळा रिमोट घेण्याचीही गरज नसते, कारण हातातल्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटमध्येच ती सोय असते. अडचण एवढीच की बहुतेकांना त्याची आठवण जुना रिमोट बंद पडल्यावर होते आणि तोवर सगळ्यात सोपी वाट बंद झालेली असते.

एका टीव्हीला दोन रिमोट कुठून आले?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा टीव्हीपर्यंत उठून जाणे आणि खटका फिरवणे हाच रिमोट होता. पुढे केबल आली तरी तार थेट टीव्हीच्या पाठीमागे जोडली जायची. वाहिन्या टीव्हीचाच ट्यूनर शोधायचा, त्यामुळे आवाज, वाहिनी, चालू-बंद हे सगळे एका रिमोटवर भागत होते. केबल टीव्ही कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि डिजिटायझेशनच्या पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरे आली. त्यासाठीची मुदत आधी ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत वाढवण्यात आली. त्यानंतर उपनगरांत ज्यांच्याकडे डीटीएचची छत्री नव्हती त्यांच्याकडेही बॉक्स आला आणि टीव्ही नुसता पडदा आणि स्पीकर उरला. वाहिनी बॉक्सच्या रिमोटवर बदलायची आणि टीव्ही मात्र त्याच्या स्वतःच्या रिमोटने चालू करायचा, ही दोन रिमोटांची वहिवाट तेव्हापासूनची.

म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरची तीस-चाळीस बटणे असतात, पण रोज लागतात ती जेमतेम चार-पाच. ही चार-पाच बटणे दुसऱ्या रिमोटवर नेता आली की काम झाले.

रिमोट टीव्हीशी नेमके काय बोलतो?

रिमोटच्या टोकाला जो छोटा दिवा असतो तो इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त प्रकाश सोडतो. त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर. माणसाच्या डोळ्यांना हा प्रकाश दिसत नाही. बटण दाबले की हा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि ही लुकलुक मध्येमध्ये थांबवून निरोप पाठवला जातो. खोलीत ट्यूबलाइट, उन्हाची तिरीप असे इतर प्रकाश असले तरी टीव्हीचा सेन्सर एवढ्या ठरावीक वेगाचीच लुकलुक ऐकतो. फिलिप्सने जुन्या पद्धतीत ३६ हजारांचा वेग वापरला, सोनीने ४० हजारांचा.

या निरोपात दोन गोष्टी असतात: कोणासाठी आणि काय. खूप प्रचलित असलेल्या एनईसी पद्धतीचे उदाहरण घेऊ. आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता. त्यानंतर उपकरणाचा पत्ता, तोच पत्ता उलटा करून, मग आज्ञा, तीही पुन्हा उलटी करून. उलटे रूप पाठवायचे ते खातरजमेसाठी. दोन्ही जुळले नाहीत तर टीव्ही निरोप सोडून देतो. हा सगळा संवाद सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात उरकतो.

या निरोपात घराचा क्रमांक नसतो, हे लक्षात ठेवण्यासारखे. एका कंपनीच्या एका पिढीतल्या सगळ्या टीव्हींचा पत्ता सहसा सारखाच असतो. म्हणून तर शेजाऱ्याच्या रिमोटने आपला टीव्ही बंद होतो, आणि समोरासमोर खिडक्या असलेल्या चाळीत वात्रट मुलांचा एक खेळच त्यावर चालायचा. हा दोष आपल्या फार उपयोगाचा आहे. तो कसा ते पुढे येईल.

कोडचा रिमोट आणि शिकणारा रिमोट यांत फरक काय?

बाजारात दोन्हींना 'युनिव्हर्सल'च म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कोडच्या रिमोटच्या पोटात अनेक कंपन्यांचे निरोप कारखान्यातच भरलेले असतात. सोबतच्या बारीक अक्षरांच्या कागदावर कंपनीचे नाव आणि त्यापुढे तीन किंवा चार आकडी कोड दिलेले असतात. योग्य कोड सांगितला की तो त्या कंपनीची भाषा बोलू लागतो. एकेका नावापुढे दहा-दहा, वीस-वीस कोड असतात, कारण कंपनी तीच राहिली तरी आतली चिप आणि बनवणारा कारखाना वर्षागणिक बदलत जातो.

शिकणाऱ्या रिमोटला मुळात काहीच येत नसते. मूळ रिमोटचा निरोप तो समोर बसून ऐकतो आणि जसाच्या तसा पाठ करतो. कंपनी कुठली, मॉडेल कुठले याच्याशी त्याला देणे-घेणे नाही. ही कल्पना नवी नाही. 'अ‍ॅपल'चे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी ती कंपनी सोडल्यानंतर १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. तो वापरायला इतका किचकट होता की फारसा खपला नाही, ही गोष्ट वेगळी. आज केबल आणि डीटीएचच्या अनेक रिमोटांवर एका कोपऱ्यात चौकट आखून 'टीव्ही' असे लिहिलेली चार-पाच बटणे दिसतात. ती बहुतेक याच जातीची असतात आणि कित्येक घरांत ती वर्षानुवर्षे कोरी पडून असतात.

दोन्हींपैकी चांगला कुठला, असे विचारले तर उत्तर सोपे आहे: मूळ रिमोट जिवंत असेल तर शिकणारा. त्यात अंदाज नाही, कोड शोधणे नाही. पण शिकवणाराच नसेल तर तो बिनकामाचा.

शिकवायचे कसे?

कंपनीनुसार बटणांची नावे थोडी बदलतात, पण रीत साधारण एकच आहे. आधी दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल घाला. अशक्त सेलवर निरोप अर्धवट उमटतो आणि मग दोष रिमोटला जातो. दोन्ही रिमोट टेबलावर ठेवा, तोंडाला तोंड लावून, मध्ये दोन-तीन बोटांचे अंतर. हातात धरून हे करू नये, हात हलतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढून घ्या. पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरांत हे काम दुपारी चार वाजता काढू नये.

आता बॉक्सच्या रिमोटवरचे 'सेट' बटण, किंवा काहींत टीव्हीच्या चौकटीतले पॉवर बटण, काही सेकंद दाबून धरा. छोटा दिवा स्थिर पेटला की रिमोट ऐकायला बसला असे समजा. मग त्यावरचे जे बटण शिकवायचे आहे ते एकदा दाबा, समजा आवाज वाढवण्याचे. दिवा लुकलुकेल किंवा बदलेल. लगेच टीव्हीच्या मूळ रिमोटवरचे आवाज वाढवण्याचे बटण दाबा. दिव्याने दोन-तीनदा उघडझाप केली की धडा पाठ झाला. असे एकेक बटण शिकवून शेवटी पुन्हा 'सेट' दाबायचे. मध्ये दहा-पंधरा सेकंद रेंगाळलात तर रिमोट कंटाळून शिकवणी सोडतो; मग पहिल्यापासून सुरुवात.

मूळ रिमोटचे बटण किती वेळ दाबायचे यावर मतभेद आहेत, कारण रिमोटांतच मतभेद आहेत. काहींना टिचकी पुरते, काहींना सेकंदभर दाब लागतो. आधी टिचकी मारून पाहा, दिव्याने नकार दिला तर थोडे धरून पाहा.

कुठली बटणे शिकवावीत? पॉवर, आवाज वाढवणे, कमी करणे आणि म्यूट एवढी सगळेच शिकवतात. राहून जाते ते 'सोर्स' किंवा 'इनपुट', काही रिमोटांवर 'एव्ही' लिहिलेले. रोज लागत नाही म्हणून ते आठवत नाही, आणि नेमके तेच नसल्याने टीव्ही 'नो सिग्नल'वर अडकतो. माझ्या मते पाच बटणांपैकी सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. म्यूट नसेल तर आवाज कमी करता येतो, सोर्स नसेल तर काहीच करता येत नाही. चार बटणांचीच जागा असेल तर म्यूटच्या जागी सोर्स शिकवा. रिमोटला त्याचे काही वाटत नाही. बटणावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नाही. फक्त बटणावर मार्करने ठिपका करा आणि घरच्यांना सांगून ठेवा.

फिलिप्सच्या जुन्या आरसी-५ पद्धतीच्या रिमोटांत एक गंमत आहे. एकच बटण पुन्हा दाबले हे कळावे म्हणून प्रत्येक दाबण्यागणिक निरोपातली एक खूण बदलते. शिकलेला रिमोट मात्र पाठ केलेली एकच खूण पुन:पुन्हा पाठवतो, म्हणून लागोपाठ दुसऱ्यांदा दाबलेले बटण कधी कधी टीव्ही मनावर घेत नाही. आवाजाच्या बटणात याचा त्रास जाणवत नाही.

जुना रिमोट आधीच बंद पडला असेल तर?

आधी तो खरेच बंद पडला आहे का हे पाहावे. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचे टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला तर दिवा चालू आहे. अनेक फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश गाळणारी काच असते, त्यामुळे तिथे दिसला नाही तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा. एकच बटण मुके असेल आणि बाकी चालत असतील तर रबराखालचा काळा कार्बनचा ठिपका झिजलेला असतो. आवाजाचे बटण सर्वांत आधी जाते, कारण जाहिरात लागली की सगळे तेच दाबतात. असे बटण जोरात दाबल्यावर एखाद्या वेळी लागते, आणि शिकवण्यासाठी एकदाच लागणे पुरते.

सगळाच रिमोट गप्प असेल तर सेलची खोबण उघडा. मुंबईच्या दमट हवेत स्प्रिंगला गंज चढतो, आणि मे महिन्यात गावाला जाताना आत राहिलेले सेल पाझरतात. कोरड्या फडक्याने, जुन्या टूथब्रशने पांढरी-हिरवी पूड खरवडून काढली की काही रिमोट पुन्हा चालू लागतात. हात मात्र नंतर धुवावेत.

तरीही नाहीच चालला, तर शेजारी आठवावेत. सारख्या कंपनीच्या टीव्हींचा पत्ता सारखा, हे वर आलेच आहे. शंभर घरांच्या सोसायटीत तुमच्या कंपनीचा टीव्ही आणखी कोणाकडे नसेल अशी शक्यता कमी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारा, त्यांचा रिमोट दहा मिनिटांसाठी आणा, आधी त्याने आपला टीव्ही चालतो का पाहा आणि चालला तर त्याच्याकडूनच आपल्या बॉक्सच्या रिमोटला शिकवून घ्या. दुकानात जाण्याआधी हा उपाय करून पाहावा.

मग उरतो कोडचा रिमोट. 'सेट' आणि 'टीव्ही' दाबून दिवा स्थिर झाला की कागदावरचा पहिला कोड टाकायचा. दिवा विझला तर रिमोटने कोड घेतला, पण तो टीव्हीला पटला का हे वेगळे तपासावे लागते. नुसता पॉवर चालला म्हणून समाधान मानू नका. आवाज, म्यूट आणि सोर्स ही तिन्ही दाबून पाहा. पॉवर चालतो आणि सोर्स चालत नाही असे अर्धवट जुळणारे कोड भरपूर असतात. अशा वेळी त्याच नावापुढचा पुढचा कोड घ्यायचा.

कंपनीच यादीत नसेल तर 'ऑटो सर्च' असते. रिमोट टीव्हीकडे रोखून, सांगितलेले बटण दाबून धरायचे. तो पोटातले कोड एकामागून एक पाठवत राहतो. टीव्ही बंद झाला किंवा पडद्यावर आवाजाची पट्टी उमटली की त्याच क्षणी बोट उचलायचे. उशीर झाला तर पुढचा कोड येतो आणि सापडलेला हातचा जातो. यात कधी पाच मिनिटे जातात, कधी पंधरा. हात अवघडतो म्हणून बसून करावे. काही स्वस्त रिमोट सेल काढले की कोड विसरतात. त्यामुळे जुळलेला कोड कागदावर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावा.

दुकानात जाताना काय न्यावे?

स्टेशनबाहेरच्या गाळ्यांत, मोबाइल कव्हरच्या शेजारी टांगलेले रिमोट उपनगरांत सगळीकडे मिळतात. दुर्मीळ काही हवे असेल तर ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड आहेच. विक्रेता कोड बघत नाही, तो जुन्या रिमोटचा आकार आणि बटणांची ठेवण बघतो आणि मागच्या रांगेतून जुळा काढून देतो. त्याची नजर बहुधा बरोबर असते. म्हणून मेलेला रिमोट फेकू नका, सोबत न्या. टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरचा, मॉडेल क्रमांक दिसेल असा फोटोही न्या. दुकानदार मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिपका दाखवून 'चालू आहे' म्हणतो, तेव्हा एवढेच सिद्ध होते की दिवा पेटतो. तो तुमच्या टीव्हीची भाषा बोलतो का, हे घरी गेल्यावरच कळते. बदलून देणार का, हे आधी विचारून घ्यावे.

काही टीव्हींचे वाली आता उरलेले नाहीत. औरंगाबादेतून वाढलेल्या व्हिडिओकॉनवर २०१८ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, पण तिचे टीव्ही अजून घरोघरी आहेत. अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडवर मुख्यालय असलेल्या ओनिडाचे पंधरा वर्षांपूर्वीचे मॉडेल घेऊन बसलेल्यांनाही मूळ रिमोट सहज मिळेलच असे नाही. अशांसाठी जुळा किंवा कोडचा रिमोट हाच आधार.

आणखी एक खाचखळगा. टीव्ही दुरुस्त करताना मेकॅनिकने मूळ बोर्ड काढून 'युनिव्हर्सल बोर्ड' बसवला असेल, तर पडद्याखाली कंपनीचे नाव जुने राहते आणि आतली भाषा मात्र बदललेली असते. मग त्या कंपनीचा एकही कोड लागत नाही आणि कंपनीचा नवा रिमोटही चालत नाही. बोर्डासोबत आलेला रिमोटच चालतो. तो मेकॅनिककडून मागून घ्या आणि त्याच संध्याकाळी त्याची पाच बटणे बॉक्सच्या रिमोटला शिकवून टाका.

स्मार्ट टीव्हीचे काय?

स्ट्रीमिंगच्या काड्या आणि अनेक स्मार्ट टीव्हींचे रिमोट इन्फ्रारेडऐवजी ब्लूटूथवर चालतात. ब्लूटूथचा निरोप शिकणाऱ्या रिमोटला ऐकूच येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: रिमोट उशीखाली धरून किंवा भिंतीकडे तोंड करून दाबला तरी चालतो का ते पाहा. मात्र बहुतेक स्मार्ट टीव्हींत इन्फ्रारेडचा सेन्सर अजून असतो, त्यामुळे कोडच्या रिमोटने पॉवर, आवाज आणि सोर्स चालण्याची आशा धरायला हरकत नाही. टीव्हीपुढे साउंडबार ठेवला असेल तर तो जरा बाजूला करा. सेन्सर सहसा खालच्या कडेला असतो आणि नेमका साउंडबारच्या आड जातो.

बॉक्स एचडीएमआय केबलने जोडलेला असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची सोय सापडते. सॅमसंगमध्ये तिला 'एनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिम्पलिंक', सोनीमध्ये 'ब्राव्हिया सिंक' म्हणतात. ती चालू केल्यावर, बॉक्समध्येही तशी सोय असेल तर, एक चालू केले की दुसरे आपोआप चालू होते. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींवर बॉक्स जोडलेल्या घरांत मात्र हे जमणार नाही.

मोबाइलचा रिमोट होऊ शकतो का? शाओमी, रेडमी, पोकोच्या अनेक फोनांवर इन्फ्रारेडचा दिवा असतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ४ ते एस ६ मध्ये तो होता, २०१६ च्या एस ७ पासून गेला. असा फोन असेल तर अ‍ॅपमध्ये कंपनी निवडून आज रात्रीपुरती अडचण सुटते. वाय-फायवरच्या स्मार्ट टीव्हीसाठी कंपनीची स्वतःची अ‍ॅपही असतात. पण घरातल्या आजी-आजोबांसाठी हा कायमचा उपाय मानू नये. आवाज कमी करायला आधी चष्मा, मग लॉक, मग अ‍ॅप, आणि मध्येच फोन वाजला तर सगळे पुन्हा. शिवाय तो फोन ज्याचा आहे तो सकाळी ऑफिसला जातो.

शिकवणी झाल्यावर टीव्हीचा मूळ रिमोट टाकून देऊ नये. पडद्याची भाषा, चाइल्ड लॉक, वाहिन्या नव्याने शोधणे असल्या कामांना लागणारे 'मेनू' बटण शिकवलेल्या पाचांत नसते. त्यातले सेल काढून ठेवा, टीव्हीचे मॉडेल लिहिलेली चिठ्ठी रबरबँडने त्याला बांधा आणि तो वॉरंटीच्या कागदांसोबत कपाटात ठेवून द्या.